खर्जाचा पेटारा

आमच्या घरी एक पेटारा आहे. किंवा, खरे बोलावयाचे तर, गेल्या रविवारपर्यंत होता. उंची सव्वातीन फूट, रुंदी दोन फूट, वजन चाळीस किलोच्या आतबाहेर. अंगावर काळे रेक्झिन, दोन्ही कुशींना पितळी मुठी आणि समोर जाळी. नवखा पाहुणा त्याला शीतकपाट समजे आणि पाणी मागण्यापूर्वी एकवार आशेने त्याच्याकडे पाही. या पेटाऱ्याची आमच्या कुटुंबाने चाळीस वर्षांत नाना प्रकारे सेवा घेतली. त्याच्यावर इस्त्रीचे कपडे राहिले, मुलाने बाराखडी गिरविली, आणि दर भाद्रपदात गणपतीचे मखरही त्याच्याच माथ्यावर बसले. परंतु त्याचा मूळ धर्म निराळा. तो माझ्या बेस गिटारचा ध्वनिवर्धक. आम्हा वाजविणाऱ्यांच्या बोलीत ‘ॲम्प’.

गेल्या पावसाळ्यात माझ्या कमरेने असहकार पुकारला. पाच किलोंहून अधिक काही उचलावयाचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आमचे बिऱ्हाड डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर; इमारत जुनी, तिला लिफ्ट नाही. सौभाग्यवतींनी निर्णय एका वाक्यात दिला. त्या म्हणाल्या, “अहो, आता एक तर तो खाली जाईल, नाहीतर तुम्ही!” वास्तविक कार्यक्रम बंद होऊन मला आठ वर्षे झाली होती. पेटारा हलविण्याचे कारणच उरले नव्हते, आणि ठेवण्याचेही. असे असूनही त्याला घराबाहेर काढावयाचे म्हणताच मला कोणाशी तरी बोलावेसे वाटू लागले. आणि या विषयावर बोलावयाचे ते दुसऱ्या बेसवाल्याशीच.

वाचकांपैकी बहुतेकांनी बेस गिटार ऐकलेली आहे. मात्र आपण ती ऐकली आहे हे त्यांना ठाऊक नसते. चित्रपटातल्या गाण्यात गायिकेच्या आवाजाखाली, तबल्याच्या ठेक्याला चिकटून, जे एक गंभीर, गोलसर स्वरांचे पाऊल पडत असते ते तिचे. चार जाड तारा. त्यातील सर्वांत खालची तार सेकंदाला अवघी ४१ वेळा कंप पावते. हे वाद्य वाजत असता कोणी मान डोलावीत नाही. ते थांबले म्हणजे मात्र, गाण्याला काहीतरी झाले, एवढे सर्वांना कळते. घराचा पाया पाहावयास कोणी पाहुणा येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

अशा या खर्जाला स्वतःचा असा गळा नाही, हीच त्याची मोठी अडचण. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात पुरुषभर उंचीचा लाकडी डबल बेस हे काम करी. पण ढोल आणि पितळी कर्णे यांच्या गर्दीत बिचाऱ्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या वादकाने १९४०–५० च्या दशकात एक युक्ती काढली. डबल बेस ज्या खुंटीवर उभा राहतो त्या खुंटीतच त्याने मायक्रोफोन बसविला; आणि ‘ध्वनी वाढविणारी खुंटी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्याच्या कंपनीचे नाव ‘अँपेग’ पडले. पुढे १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने ‘प्रिसिजन बेस’ ही आडवी, गळ्यात अडकविता येणारी बेस गिटार बाजारात आणली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी ‘बेसमन’ हा ॲम्प. गंमत अशी की, पुढे या बेसमनवर साध्या गिटारवाल्यांचाच जीव अधिक जडला. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६०–७० च्या दशकाच्या आरंभी त्याचा जो पहिला गाजलेला ॲम्प तयार झाला, त्याची जोडणी या बेसमनवरूनच घेतलेली होती. खर्जासाठी बांधलेले घर तारसप्तकाने असे बळकावले! १९६९ मध्ये अँपेगने याचे उट्टे काढले. त्या वर्षी निघालेल्या त्यांच्या अजस्र ॲम्पची शक्ती ३०० वॅट, त्यात १४ व्हॉल्व्ह, आणि आठ स्पीकरांच्या पेटीसकट वजन शंभर किलोंच्या घरात. त्याच वर्षीच्या अमेरिकेतील दौऱ्यात ‘रोलिंग स्टोन्स’ या वृंदाने तो वापरला आणि बेसवाल्यांच्या पाठदुखीला जागतिक प्रतिष्ठा लाभली.

माझा पेटारा इतक्या थोर कुळातला नव्हे. १९८३ साली परदेशी ॲम्प विकत घेणे बँकेतल्या कारकुनाच्या स्वप्नातही बसत नसे. लॅमिंग्टन रोडच्या एका बोळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने मला शंभर वॅटचे यंत्र जोडून दिले. गिरगावातल्या सुताराने पाऊण इंची प्लायवुडची पेटी केली. तिचे मोजमाप चुकल्याने ती दोनदा सोलून पुन्हा जोडावी लागली. आमच्या बँकेतल्या हौशी मंडळींच्या ऑर्केस्ट्रात हा पेटारा माझ्याबरोबर पस्तीस वर्षे हिंडला.

तर गेल्या रविवारी दुपारी मी चौघा स्नेह्यांना बोलाविले. दम्याचे दोन रोगी एकत्र आले म्हणजे जसे औषधांवाचून बोलत नाहीत, तसे दोन बेसवाले भेटले की ॲम्पवाचून बोलत नाहीत. आम्ही तर पाच होतो.

सर्वांत वडील ते माहीमचे. मूळचे गोव्याचे, ऐंशी ओलांडलेले. आम्ही सारे त्यांना ‘अंकल’ म्हणतो. १९६०–७० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत डबल बेस वाजविला. आवाज निघावा म्हणून तारा इतक्या ओढाव्या लागत की बोटांना चिकटपट्ट्या बांधून ते वाजवीत. मग एका बोटीवरच्या खलाशाकडून तिघा बेसवाल्यांनी वर्गणी काढून एक जुना ॲम्प घेतला. तो आज या हॉटेलात, तर उद्या त्या, असा टॅक्सीने फिरे. “पहिल्या रात्री माझा आवाज मलाच स्पष्ट ऐकू आला,” अंकल सांगू लागले, “आणि मी घाबरलो रे बाबा! इतकी वर्षं माझ्या चुका त्या ड्रमनं पोटात घातल्या होत्या. त्या रात्री घरी जाऊन मी सराव केला.”

दुसरे कल्याणचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी उभा महाराष्ट्र पालथा घातला आहे. सोलापूरकडच्या एका जत्रेत विजेला अर्थिंग नव्हते. एका हाती बेसच्या तारा धरून ते साथीचे गाणे म्हणावयास मायक्रोफोनपाशी गेले, तो ओठांना असा झटका बसला की गाण्याचा पुढचा अंतराच विसरला! तेव्हापासून ते मायक्रोफोनवर आधी हातरुमाल टाकीत. त्यांच्या ॲम्पला घरघरण्याची खोड होती. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे ती घरघर बेसच्या सर्वांत खालच्या तारेवरील तिसऱ्या पडद्याच्या स्वराला अगदी चिकटून येते. “म्हणून ॲम्प फारच घरघरू लागला की मी गायकाला म्हणायचो, बाबा रे, आजची सगळी गाणी याच पट्टीत घे. हा आपला षड्ज धरूनच बसलाय!”

तिसरे चाळिशीचे, नव्या तऱ्हेचे व्यावसायिक. त्यांच्याजवळ ॲम्पच नाही. त्यांची तार सरळ ध्वनिव्यवस्थेत जाते आणि त्यांचा आवाज त्यांच्या कानातल्या बोंडांत परत येतो. पाठ दुखत नाही, जिने चढावे लागत नाहीत. “सगळं सुखाचं आहे,” ते म्हणाले, “फक्त पोटऱ्यांना वारा लागत नाही.” आम्ही चौघेही हसलो आणि मग एकदम गप्प झालो. मागे ॲम्प असला म्हणजे स्वर कानाआधी अंगाला लागतो, पायजमा किंचित थरथरतो. ते सुख ज्याने घेतले आहे त्यालाच या वाक्यातील उणेपण कळेल.

चौथी महाविद्यालयात शिकणारी मुलगी. आमच्याच मागच्या गल्लीत राहते. तीन वर्षांपूर्वी मी तिला पहिले चार स्वर शिकविले. तिने पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढी एक वस्तू काढून अंकलच्या हाती ठेवली. वजन अडीच किलो, शक्ती ५०० वॅट! जुना ॲम्प स्वराबरोबर उष्णताही पुष्कळ निर्माण करी. हा नवा सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करून वीज तुकड्यातुकड्यांनी पुढे धाडतो. त्यामुळे फारसा तापत नाही आणि लोखंडाचा तो जड ट्रान्सफॉर्मरही त्याला लागत नाही. अंकलनी तो तळहातावर तोलला, पुन्हा तोलला आणि म्हणाले, “हे माझ्या तरुणपणी निघालं असतं तर मी दोन इंच उंच राहिलो असतो.”

मी मात्र कोपऱ्यातल्या पेटाऱ्याकडे पाहत होतो. ती मुलगी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली होती. एकाएकी ती म्हणाली, “काका, हा लाल ठिपका कसला? आवाजाच्या बटणापाशी, चाराच्या आकड्यावर?”

“कुंकवाचा,” मी म्हणालो. “दसऱ्याला तुझी काकू पूजा करते ना.”

“मग तो बरोबर चारावरच कसा?”

जी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, ती तिच्या या प्रश्नापुढे मला सांगावी लागली.

आमचे अण्णा पोस्टात कारकून होते. गिरगावातल्या घरगुती बैठकींत ते तंबोऱ्याची साथ करीत. गवयाच्या मागे मांडी घालून बसावयाचे आणि तीन-तीन तास चार तारा छेडीत राहावयाचे. बेस गिटारविषयी त्यांनी कधी भलेबुरे काही म्हटले नाही. पण माझ्या कार्यक्रमालाही ते कधी आले नाहीत. १९८६ च्या डिसेंबरात ठाण्याला आमचा कार्यक्रम होता. त्या दिवशी, काय मनात आले कोण जाणे, अण्णा आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

आता येथे खर्जाचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे. मनुष्याचा कान खालच्या स्वरांना मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये मोजमाप करून हे दाखविले. मधल्या स्वराइतकाच खर्ज ऐकू यावा तर त्याला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. बरे, जोर वाढवूनही हाती फारसे लागत नाही. आवाज कानाला दुप्पट वाटावयाचा तर शक्ती सुमारे दसपट खर्चावी लागते. शिवाय सर्वांत खालच्या स्वराची एक लहर सुमारे सत्तावीस फूट लांबीची. ती सर्व दिशांना पसरते आणि दिवाणखान्याच्या भिंतींशी व कोपऱ्यांशी साचते. स्वरातला जो धारदार, स्पष्ट भाग असतो तो मात्र स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातो. आणि वाजविणारा ॲम्पला लागून उभा असल्यामुळे तो भाग त्याच्या कानाऐवजी त्याच्या गुडघ्यांवर आदळतो. तात्पर्य, स्वतःचा बेस कसा ऐकू येतो आहे हे सभागृहात ज्याला सर्वांत कमी कळते, तो मनुष्य म्हणजे स्वतः बेस वाजविणारा. आणि ऐकू येत नाही म्हणजे आवाज कमी आहे, अशी त्याची ठाम समजूत होते.

त्या रात्री माझी तशीच समजूत झाली. अण्णा शेवटच्या रांगेत आहेत, हे एकच डोक्यात. बटण चारावर होते. दुसऱ्या गाण्यात मी ते सहावर नेले, मध्यंतरानंतर आठावर. आमच्या गायिका बँकेच्याच एका शाखेत काम करीत. अत्यंत नाजूक आणि सुरेल आवाज. त्यांनी गाता गाता दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, माझे वाजविणे त्यांना आवडते आहे! मी बटण नवावर नेले.

परतताना लोकलमध्ये अण्णा खिडकीपाशी बसले होते. मुलुंड गेले तरी ते बोलेनात. शेवटी मीच विचारले, “अण्णा, कसं वाटलं तुम्हाला?”

ते म्हणाले, “तुझं वाद्य अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. खरं सांगू? तुझ्याशिवाय दुसरं काही ऐकूच आलं नाही.”

माझी छाती फुगली. हे वाक्य मी पुढे बारा वर्षे लोकांना सांगत आलो. स्नेह्यांना सांगितले, मुलाला सांगितले; तंबोऱ्यावर जन्म घालविलेल्या माणसाने माझी अशी पाठ थोपटली म्हणून सांगितले. आमच्या गायिका दोन महिन्यांनी मुलांच्या परीक्षांचे निमित्त सांगून मंडळातून गेल्या. त्या गोष्टीचा या वाक्याशी काही संबंध असेल, असे माझ्या मनातही आले नाही.

१९९८ मध्ये अण्णा वारले. दिवसकार्य आटोपल्यावर एक वृद्ध गवई समाचाराला आले. अण्णांचा तंबोरा कोपऱ्यात गवसणीत उभा होता. त्याच्याकडे पाहत ते बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, “तीस वर्षं मी यांच्या तंबोऱ्यावर गायलो. पण तो कसा वाजायचा म्हणून विचाराल तर मला सांगता येणार नाही. तो मला वेगळा असा कधी ऐकूच आला नाही.” इतके बोलून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

मी त्यांच्यासमोर बसलो होतो. बारा वर्षांपूर्वीचे लोकलमधले ते वाक्य तेव्हा मला प्रथमच ऐकू आले. अण्णांच्या पंथात ‘तो ऐकू आला नाही’ ही शेवटची पदवी होती. आणि मला त्यांनी, आवाज न चढविता, नेमके उलट सांगितले होते. माझ्या तोंडावरचा आनंद त्यांनी त्या रात्री पाहिला असेल. तो मोडू नये म्हणून पुढची बारा वर्षे त्यांनी त्या वाक्याचा अर्थ मला उलगडून सांगितला नाही. गैरसमजावर माझे समाधान उभे आहे हे ठाऊक असूनही ते मागे बसून तंबोरा छेडीत राहिले. त्या गायिकांचा शोध मी नंतर केला. पण त्यांची बदली होऊन गेली होती. त्यांची क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.

त्या वर्षीच्या दसऱ्याला सौभाग्यवतींनी सवयीप्रमाणे पेटाऱ्याला हळदकुंकू वाहिले. तेव्हा मी त्यांच्या हातून कोयरी घेऊन चाराच्या आकड्यावर स्वतः बोट टेकविले. का, ते त्यांनी विचारले नाही. दर दसऱ्याला तो ठिपका मी नवा करीत आलो. आणि त्यानंतरच्या सर्व कार्यक्रमांत बटण त्याच्यापुढे नेले नाही. स्वतःला ऐकू आले नाही तर गायकाकडे पाहावे. तो निश्चिंतपणे गात असला, तर आपण ऐकू जात आहोत, असे समजावे. एवढेच गणित मला उशिरा का होईना जमले.

माझे बोलणे संपले तरी कोणी काही म्हणेना. नव्या तऱ्हेच्या गृहस्थांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग अंकल म्हणाले, “आता माझ्या कानाला दाराची घंटा ऐकू येत नाही, पाखरं ऐकू येत नाहीत. वरचं वरचं सगळं गेलं. खालचं तेवढं राहिलंय. देवाची कृपा!” यावर हसावे की नाही हे कळेना, पण आम्ही हसलो.

मुलगी अजून पेटाऱ्यापाशीच होती. “काका, हा मी नेऊ?”

“अगं, तुझ्याजवळ अडीच किलोचा आहे की!”

“तो बाहेर न्यायला. हा घरी, शिकायला.”

कल्याणकर आणि ते चाळिशीचे गृहस्थ यांनी एकेक मूठ धरली, मुलीने खालून आधार दिला. अंकल जिन्याच्या वळणावर उभे राहून बंदराच्या धक्क्यावरील मुकादमाप्रमाणे हुकूम सोडू लागले. मला हात लावण्याची मनाई होती. विजेची तार गुंडाळून हातात घेऊन मी मागून चाललो. चाळीस किलोंपैकी तेवढेच माझ्या वाट्याला आले. परत वर येऊन पाहतो तो सौभाग्यवती रिकाम्या कोपऱ्यापुढे उभ्या. लादीवर पेटाऱ्याच्या चार पायांचे चार फिकट चौकोन उमटले होते.

“आता गणपती कशावर बसवायचा हो?” त्या म्हणाल्या. ज्यांनी त्याला घालविला त्यांचाच आवाज थोडा ओला झाला होता.

सायंकाळी साडेसातच्या सुमारास मी मागच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. मुलीचे घर तेथून दीडशे पावलांवर. तिच्या खोलीत दिवा लागला होता आणि ती उभी राहून वाजवीत असल्याचे पडद्याआडून दिसत होते. मी कान देऊन बराच वेळ ऐकत राहिलो. काहीच ऐकू आले नाही. खिडकी लावून घेतली आणि स्वस्थ मनाने जेवावयास बसलो.